दुखायला कधी लागलं?

दुपारचे दोन वाजायला आलेत. मे महिना. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं उपजिल्हा रुग्णालय. फाटकाबाहेर रसवंतीचं चाक फिरतंय आणि त्याच्या घुंगरांचा आवाज थेट आतल्या व्हरांड्यापर्यंत येतोय. आवारातल्या लिंबाखाली नातेवाइकांनी भाकरीची फडकी सोडली आहेत. एक म्हातारा चपला उशाला घेऊन झोपलाय. उन्हात उभ्या दुचाकींच्या सीटवर हात ठेववत नाही.

सकाळची ओपीडी कधीच उरकली आहे. आता जो येईल तो अपघात विभागात. केसपेपरची एकच खिडकी उघडी आहे आणि तिच्यासमोर पंधरा-वीस माणसं. कुत्रं चावलेला शाळकरी पोरगा, पिंढरीला फडकं बांधलेलं. ऊन लागलेली बाई, डोक्यावर ओला टॉवेल. जुलाबानं गळाठलेलं लेकरू आजीच्या खांद्यावर. खिडकीतला माणूस नाव, वय, गाव विचारतो. वय सांगताना बरेच जण थबकतात, सोबतच्या माणसाकडं बघतात. रांग एका पावलानं पुढे सरकते.

दारावर लाल अक्षरांत पाटी आहे : ‘छातीत दुखत असल्यास रांगेत थांबू नये. थेट आत यावे.’ पाटी वाचणारे थोडेच. बहुतेकांना हाक मारून आत घ्यावं लागतं.

आत जाऊ या.

अपघात विभाग म्हणजे एक लांबट खोली. तीन कॉट, त्यांवर काळं रेक्झिन, रेक्झिनला जागोजागी चिकटपट्ट्या. खिडकीत कूलर घरघरतोय. त्याची हवा पहिल्या कॉटपर्यंत येते, पुढं नाही. फिनेल, स्पिरिट आणि घाम यांचा मिळून एक वास आहे. पाच मिनिटांत तो नाकाच्या सवयीचा होतो. भिंतीवर घड्याळ. या खोलीत सगळ्यांत जास्त वेळा बघितली जाणारी वस्तू तीच.

दोन वाजता शिफ्ट बदलते. सकाळच्या सिस्टर दुपारच्या सिस्टरना चार्ज देताहेत. दोघी एकेका वस्तूला हात लावत पुढं सरकतात. ऑक्सिजनचे दोन सिलिंडर भरलेले, एक रिकामा. इमर्जन्सी ट्रे पूर्ण. ईसीजीच्या कागदाचा एक रोल मशीनमध्ये, दोन कपाटात. फ्रिज उघडून आतलं खोकं बघितलं जातं, त्यावरची तारीख मोठ्यानं वाचली जाते. शेवटी शॉकचं मशीन. दुपारच्या सिस्टर ते चार्ज करतात, आतल्या आत सोडून बघतात. बारीकशी पट्टी बाहेर येते. ती त्या रजिस्टरला चिकटवून सही करतात.

हे रोज होतं, दर पाळीला होतं. हृदय धडधडायचं सोडून नुसतं थरथरायला लागतं, तेव्हा या मशीनचा शॉक हाच इलाज असतो. तो मिळेपर्यंत छाती दाबत राहावं लागतं, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल. काहीच केलं नाही, तर शॉकला होणाऱ्या उशिराच्या दर मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते. बॅटरी उतरलेली आहे हे त्या वेळी कळून भागत नाही.

बाहेर हॉर्न वाजतो. एकदा नाही, सलग.

भाजीपाल्याची पिकअप थेट पायऱ्यांना येऊन भिडते. मागच्या हौद्यात गोधडी अंथरलेली, तिच्यावर पन्नाशीच्या आतबाहेरचा एक गडी. गुडघे पोटाशी घेतलेले. उशाशी बायको, पदरानं त्याचं तोंड पुसतेय. पुसलं की परत घाम. सदरा अंगाला चिकटलाय. रंग राखेसारखा पडलाय.

‘‘मामा, स्ट्रेचर!’’

वॉर्डातले मामा स्ट्रेचर आणतात. त्याचं एक चाक आडवं होतं, मामा लाथेनं ते सरळ करतात. गडी उठून बसायला बघतो. ‘‘चालत येतो की,’’ म्हणतो. सिस्टर त्याच्या खांद्यावर हात ठेवतात. ‘‘एक पाऊल चालायचं नाही काका. झोपा.’’ चौघं मिळून उचलतात. पिकअपचा ड्रायव्हर पायाकडून धरतो. त्यालाही धाप लागली आहे.

घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं. सिस्टर तळहातावर पेनानं लिहून ठेवतात : २.१०.

केसपेपर नंतर निघेल. ड्युटीवरच्या डॉक्टर मॅडम तरुण आहेत, केस घट्ट बांधलेले, पायांत कॅनव्हासचे बूट. त्या नाडी धरता धरता विचारतात, ‘‘काय होतंय?’’

‘‘हितं,’’ तो मूठ छातीच्या हाडाच्या खालच्या टोकावर दाबून धरतो. ‘‘जातं ठिवल्यागत झालंय. जबड्यात बी दुखायलंय. जीव घाबरा व्हायलाय.’’

‘‘दुखायला कधी लागलं?’’

बायको म्हणते, ‘‘सकाळी.’’

‘‘सकाळी म्हणजे किती वाजता?’’

‘‘कडबा रचायलते. न्याहारी व्हायची हुती.’’

‘‘मावशी, अंदाज सांगा. सहा? आठ? दहा?’’

तिला घड्याळ सांगता येत नाही. ती आठवते. मग तिचा चेहरा उजळतो. ‘‘पाण्याचा टँकर आलता. टँकरच्या टायमाला खाली बसले बघा.’’

‘‘टँकर साडेनवाला येतो,’’ दारातून ड्रायव्हर सांगतो.

मॅडम कागदावर लिहितात : ९.३०. या खोलीत छातीत दुखणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न विचारतात, आणि उत्तर येईपर्यंत सोडत नाहीत. पुढचं औषध, त्याचा उपयोग, त्यातला धोका, सगळं या एका वेळेवर मोजायचं असतं.

सिस्टरनी तोवर सदऱ्याची बटणं काढली आहेत. छातीवर घाम इतका की लीड धरत नाहीत. कापसानं पुसतात, परत पुसतात. एका बाजूचे केस रेझरनं काढतात. मग जेलचे ठिपके. हातापायांना चार चिमटे, छातीवर सहा रबरी फुगे. पहिला बरगड्यांमधल्या चौथ्या फटीत, हाडाच्या उजवीकडे; दुसरा त्याच्याच समोर डावीकडे; मग काखेपर्यंत वळत जाणारी ओळ. बोटं बरगड्या मोजत खाली येतात. फुगा एक बोट इकडं तिकडं झाला तरी पट्टी खोटं बोलू शकते.

‘‘काका, हलू नका. बोलू नका. मोबाइल बाजूला ठेवा.’’

कूलर बंद होतो, कारण त्याच्यामुळं रेषा थरथरते. खोली अचानक शांत. मशीनमधून गुलाबी चौकटींचा कागद सरकायला लागतो. सेकंदाला पंचवीस मिलिमीटर, त्याचा ठरलेला वेग. सगळ्यांच्या नजरा कागदावर. बायकोची नजर नवऱ्यावर.

दोन वाजून सोळा मिनिटं. आल्यापासून सहा मिनिटं झाली. छातीत दुखणाऱ्या माणसाचा ईसीजी दहा मिनिटांच्या आत निघाला पाहिजे, हा जगभर मानलेला दंडक. इथं तो पाळला गेलाय. कूलर पुन्हा सुरू होतो.

मॅडम पट्टी दोन्ही हातांत ताणून धरतात. जी रेष ठोक्यानंतर सपाट यायला हवी, ती तीन ठिकाणी वर उचललेली आहे. वरचा बाक इतका स्पष्ट की एकदा दाखवला तर तुम्हा-आम्हालाही दिसेल. ‘‘खालच्या भिंतीचा अटॅक,’’ त्या सिस्टरना म्हणतात. हृदयाच्या या भागाचा रक्तपुरवठा तुटला की पोटाच्या वरच्या अंगाला दुखतं, मळमळतं, ढेकर येईल असं वाटतं. म्हणून घरोघर याला गॅस म्हणतात.

इथंही तेच झालंय. बायको सांगत राहते. आधी ओवा-मीठ चावायला दिलं. मग सोडा-लिंबू. मग थोडा वेळ पालथं झोपवलं. अकराच्या सुमाराला गावातल्या डॉक्टरांनी ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं, तासभर बरं वाटलं. मग परत. मग गाडी शोधायची. धाकला दीर ट्रॅक्टर घेऊन शेजारच्या गावाला गेलेला. पिकअप बाजारातून एकला परत आली. यात चूक कुणाची म्हणायची? घरात प्रत्येकानं आपल्याला ठाऊक असलेलं सगळं केलं आहे. फक्त हृदयाच्या स्नायूला रक्त नसलं तर अर्ध्या तासाच्या आतच तो मरायला लागतो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

‘‘सिस्टर, उजव्या बाजूचं पण एक काढा.’’

एक फुगा डावीकडून उचलून उजव्या छातीवर बसतो. दुसरी पट्टी निघते. तिथंही रेष वर. रक्तदाब १०० आणि ६०. नाडी ५४.

ड्रायव्हर खिशातून गोळ्यांचं पाकीट काढतो. ‘‘मॅडम, जिभेखालची गोळी आणलीया. ठिऊ का?’’

‘‘नको!’’ मॅडमचा आवाज पहिल्यांदाच चढतो. मग उतरतो. ‘‘दादा, ही गोळी सगळ्यांना चालत नाही. यांच्या हृदयाच्या उजव्या कप्प्यालाही मार बसलाय. ही ठेवली तर प्रेशर एकदम खाली जाईल.’’ ड्रायव्हर पाकीट परत खिशात घालतो, तिथंच भिंतीला टेकून उभा राहतो.

दुसऱ्या गोळ्या मात्र लगेच दिल्या जातात. ॲस्पिरिन, ३०० मिलिग्रॅमच्या आसपास, गिळायची नाही, चावायची. गडी तोंड वाकडं करत चावतो. क्लोपिडोग्रेलच्या चार, दोन घोट पाण्याबरोबर. ॲस्पिरिनची ही साधी, काही रुपयांची गोळी. १७ हजारांहून जास्त रुग्णांवरची एक मोठी चाचणी १९८८ साली प्रसिद्ध झाली, तिनं या गोळीचं मोल आकड्यांत मांडलं. नुसत्या ॲस्पिरिननं पहिल्या पाच आठवड्यांतले मृत्यू पाचात एकाहून अधिक घटले. तिच्या जोडीला गुठळी विरघळवणारं औषध दिलं, तेव्हा ते चाळीस टक्क्यांहून अधिक घटले.

हातात सुई जाते. सलाईन लागतं. ऑक्सिजनचं बोटावरचं यंत्र ९६ दाखवतंय, म्हणून नळी लावलेली नाही. ‘‘ऑक्सिजन लावा की वो,’’ बायको म्हणते. तिला वाटतं, काहीतरी राहून गेलं. ‘‘गरज नाही मावशी. नव्वदच्या खाली गेला तर लावू.’’

पट्टी तोवर मशीनमधून दूर गेली आहे. कुठल्या तरी शहरात बसलेले हृदयरोगतज्ज्ञ ती उघडतात. दोन बावीसला मॅडमच्या फोनवर उत्तर येतं. त्यांनी वाचलं तेच. गेल्या काही वर्षांत राज्यातल्या अनेक सरकारी रुग्णालयांत ही सोय आली आहे. तालुक्याच्या गावातल्या एकट्या डॉक्टरला रात्री दोन वाजताही दुसरं मत मिळतं, आणि त्या मताच्या आधारानं हात लवकर चालतो.

एकीकडं १०८ ला फोन लागलाय. ही सेवा राज्यात २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. त्यांतल्या २३३ मध्ये व्हेंटिलेटरसकट अतिदक्षतेची सोय होती. आता तशीच गाडी हवी आहे. ती शेजारच्या तालुक्यात आहे. निघते म्हणतात.

बायकोच्या हातातला फोन वाजतो. मुलगा पुण्याहून. कंपनीत आहे, मागं यंत्रांचा आवाज. स्पीकरवर त्याचं बोलणं सगळ्या खोलीला ऐकू येतं. ‘‘आई, तिथं काही करू नका. इंजेक्शन देऊ नका म्हणावं. डायरेक्ट मोठ्या दवाखान्यात हलवा.’’

मॅडम फोन हातात घेतात. ‘‘तुमचं बरोबर आहे. बलून घालून नस उघडणं हाच सगळ्यांत चांगला उपचार. पण तो दोन तासांच्या आत होणार असेल तर. इथून शहरात पोचायलाच अडीच तास लागतात. पुढं तयारीला वेळ. तोवर स्नायू मरत राहणार. म्हणून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन इथं देते आणि मग पाठवते. उद्यापर्यंत तिथं अँजिओग्राफी होईल. मी थांबले तर नुकसान तुमच्या वडिलांचं आहे.’’

पलीकडं क्षणभर नुसता यंत्रांचा आवाज. मग, ‘‘द्या मॅडम.’’

आता प्रश्नांची झड. पूर्वी कधी अर्धांगवायू? मेंदूत रक्तस्राव? गेल्या काही आठवड्यांत ऑपरेशन? डोक्याला मार? शौचाला काळं? रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू? प्रत्येक प्रश्नाला बायको मान हलवते, आणि मॅडम प्रत्येक नकारापुढं खूण करतात. एक जरी ‘हो’ आला असता तरी सगळा विचार फिरला असता. गुठळी विरघळवणारं औषध ती छातीतली आणि डोक्यातली असा भेद करत नाही. संमतीचा कागद येतो. अंगठ्याला शाई लागते.

वजन ६४ किलो. मात्रा ३५ मिलिग्रॅम. सिस्टर फ्रिजातलं खोकं आणतात. पांढऱ्या पावडरच्या कुपीत पाणी सोडतात आणि कुपी तळहातांत धरून हळूहळू फिरवतात. हलवायची नाही, फेस होतो. नळी आधी साध्या सलाईननं धुऊन घेतात, कारण साखरेच्या सलाईनशी हे औषध जमत नाही. सात मिली सिरिंजमध्ये येतं. ती उजेडाकडं धरून एक बुडबुडा काढतात. मॅडम घड्याळाकडं बघतात. दहाच सेकंदांत सगळं औषध आत जातं.

दोन वाजून एकतीस मिनिटं.

दारातून आत येऊन सुई टोचेपर्यंत एकवीस मिनिटं. तीस मिनिटांच्या आत हे व्हावं असं ठरलेलं. सिस्टर तळहातावरचे आकडे कागदावर उतरवतात. एकाखाली एक : ९.३०. २.१०. २.१६. २.२२. २.३१. शेवटच्या चार वेळांमध्ये फक्त मिनिटं आहेत. पहिल्या दोहोंमध्ये चार तास चाळीस मिनिटं.

आता वाट बघायची. या खोलीतला सगळ्यांत अवघड भाग हाच. करण्यासारखं सगळं करून झालेलं असतं आणि माणसं मॉनिटरकडं बघत बसतात. हिरवी रेष जाते, परत येते. बायको स्टुलावर बसली आहे, तिच्या हातात नवऱ्याची चप्पल. एकच. दुसरी पिकअपमध्ये राहिली असावी.

मी व्हरांड्यात येतो. ऊन फरशीवर पुढं सरकलंय. रांग आहे तेवढीच. सिस्टर हात धुवायला बाहेर येतात आणि येता येता रांगेकडं बघतात. त्यांची नजर चौथ्या माणसावर थांबते. साठीची एक बाई, नऊवारी, खिडकीच्या गजाला धरून उभी. सोबत नात.

‘‘आजी, काय होतंय?’’

‘‘काय नाही बाई. अशक्तपणा. रातीपस्नं दम लागायलाय. मळमळतंय. सलाईन लावून द्या म्हणलं.’’

‘‘छातीत दुखतं?’’

‘‘नाही.’’

‘‘शुगर आहे?’’

‘‘हाय की. बारा वर्सं झाले.’’

सिस्टर तिच्या कपाळाला हात लावतात. कपाळ गार, ओलं. बाकी सगळी रांगही घामेजलीये, पण तो उन्हाचा घाम आहे, गरम अंगाचा. सिस्टर तिचा दंड धरून तिला आत घेतात. रांगेतून कुणीतरी कुरकुरतं. ‘‘आमी तासाभरापस्नं हावोत.’’ सिस्टर वळून फक्त पाटीकडं बोट करतात.

मधुमेहात नसा बधिरतात आणि हृदयाचं दुखणं दुखण्याच्या रूपात येतच नाही. बायकांतही पुष्कळदा ते दम, थकवा, मळमळ, पाठ-मानेतली कळ असं येतं. छातीवर हात धरून कोसळणारा माणूस सिनेमात बघितलेला असतो. ही आजी त्या चित्रात बसत नाही. ती गेली रात्रभर घरात बसून होती. नातीनं तिचे पाय चेपले.

दुसऱ्या कॉटवर आजी. परत जेल, परत फुगे, परत कूलर बंद. हिच्या पट्टीत रेष वर गेलेली नाही, खाली दबली आहे. बोटातून रक्त घेतात, पांढऱ्या कार्डावर थेंब सोडतात. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात ट्रोपोनिन उतरतं. ते ओळखणारं हे कार्ड. पंधरा मिनिटं थांबायचं. एक रेघ आली तर सध्या तरी ठीक, आणि तरीही काही तासांनी परत बघायचं, कारण ट्रोपोनिन वाढायलाच तीनेक तास जातात. दोन आल्या तर अटॅक.

कार्डावर दुसरी रेघ हळूहळू उमटते. आधी फिकट. मग कुणाला शंका राहत नाही इतकी गडद.

हिला ते विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं नाही. या प्रकारात त्याचा फायदा नाही, धोका मात्र आहे. गोळ्या, पोटाच्या कातडीत रक्त पातळ करायचं इंजेक्शन, मॉनिटर, आणि एक-दोन दिवसांत अँजिओग्राफी. नात विचारते, ‘‘मग सलाईन नाही लावायचं?’’ ‘‘नाही गं. यांच्या फुप्फुसात पाणी होईल.’’

तिसऱ्या कॉटवर पंचविशीचा एक पोरगा आलाय. छातीत टोचतंय, बोटानं जागा दाखवतो, श्वास घेतला की वाढतं. काल पोती उचलली होती. त्याचाही ईसीजी निघतो, तितक्याच काळजीनं. सरळ आहे. डॉक्टर दाबून बघतात, बरगडीचा स्नायू दुखावलाय. त्याला गोळी देतात, तासभर बसवून ठेवतात, परत एक पट्टी काढतात. छातीत दुखणारे सगळेच हृदयाचे नसतात. कोण आहे आणि कोण नाही हे चेहऱ्यावरून ठरवत नाहीत, एवढंच.

अचानक पहिल्या कॉटचा मॉनिटर टिणटिणतो. रेष रुंद, बेढब झाली आहे. मॅडम दोन ढांगांत तिथं. सिस्टरनी शॉकच्या मशीनची ट्रॉली आधीच ओढली आहे. बायको उभी राहते, चप्पल छातीशी. मॅडमची बोटं गड्याच्या मानेवर. ‘‘काका, माझ्याकडं बघा. नाव सांगा तुमचं.’’ तो नाव सांगतो. नाडी लागते आहे, प्रेशर आहे. कुणी काही करत नाही, सगळे तयार उभे राहतात. अर्ध्या मिनिटात रेष आपसूक पूर्ववत होते. ‘‘नस उघडताना कधीकधी असं होतं,’’ मॅडम म्हणतात. त्यांच्या ओठांवर घाम आहे.

थोड्या वेळानं गडी डोळे उघडतो. ‘‘हलकं वाटायलंय,’’ म्हणतो.

साडेतीनला दुसरी पट्टी. मॅडम दोन्ही कागद टेबलाच्या काचेवर शेजारी शेजारी ठेवतात. वर उचललेली रेष निम्म्याहून खाली आली आहे. त्या ड्रायव्हरलाही बोलावून दाखवतात, बायकोलाही. ‘‘हे आल्यावरचं. हे आत्ताचं.’’ बायकोला रेषा कळत नाहीत, पण दोन कागद वेगळे आहेत हे कळतं. ती पदर डोळ्याला लावते.

१०८ आली आहे. गाडीतले डॉक्टर उतरून आत येतात. कागद ताब्यात घेतात, वेळा वाचतात, पहिल्या आकड्यावर थांबून मान हलवतात. अशा कागदांवरचा हा पहिला आकडा महाराष्ट्रभर असाच असतो, देशभर असाच असतो. भारतातल्या ८९ रुग्णालयांमधल्या २० हजारांहून जास्त हृदयरुग्णांची पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. दुखणं सुरू झाल्यापासून रुग्णालय गाठेपर्यंत निम्म्या रुग्णांना सहा तासांहून जास्त वेळ लागला होता. आत आल्यानंतर इंजेक्शनपर्यंतचा मध्यम वेळ पन्नास मिनिटं. तीस दिवसांत दगावलेल्यांचं प्रमाण सधनांत ५.५ टक्के, गरिबांत ८.२. उपचारांतला फरक हिशेबात धरला, तेव्हा ही तफावत उरली नाही. म्हणजे गरिबाचं हृदय वेगळं नसतं. त्याच्यापर्यंत पोचणारा उपचार कमी पडतो. या खोलीत उभं राहून मला तो आकडा सगळ्यांत जास्त बोचतो, कारण तो बदलता येण्यासारखा आहे. ईसीजीचं मशीन दोन हातांत उचलता येतं. इंजेक्शन एका घरगुती फ्रिजात मावतं.

स्ट्रेचर गाडीत चढतं. बायको विचारते, ‘‘तिथं किती पैसे लागतेल?’’ सिस्टर सांगतात, ‘‘रेशनकार्ड आणि आधार मागवून घ्या. योजनेत होईल. पोचल्या पोचल्या आरोग्यमित्राला भेटा.’’ ती चोळीतून एक प्लास्टिकची पिशवी काढते. दोन्ही कार्डं आत आहेत, घडी घालून. ओव्याच्या, सोड्याच्या धावपळीतही ती हे घ्यायला विसरली नव्हती.

गाडी फाटकातून वळते. रसवंतीवाला चाक थांबवून वाट देतो.

पिकअपचा ड्रायव्हर अजून व्हरांड्यातच आहे. चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेलं. तळहातावर तंबाखू काढलाय, पण मळत नाही. सिस्टर समोरून जायला लागतात तसा तो पुढं येतो.

‘‘सिस्टर, ती पट्टी काढायला किती घेतात?’’

‘‘काही नाही. सगळं फुकट आहे. २०२३ च्या ऑगस्टपासून केसपेपरलासुद्धा पैसे नाहीत. का?’’

तो इकडंतिकडं बघतो. आवाज खाली घेतो. ‘‘मला बी परवा क्रेट चढवताना हितं भरून आलतं. थांबलो की गेलं. काल बी तसंच झालं. मी म्हणलो, गॅस असंल.’’

सिस्टर काही बोलत नाहीत. दार उघडून धरतात. तो तंबाखू झटकून आत जातो, सदरा काढतो, पहिल्याच कॉटवर आडवा होतो. रेक्झिन अजून ओलसर आहे. कूलर बंद होतो. कागद सरकतो.

पट्टी सरळ आहे. तो उठायला बघतो, चेहऱ्यावर सुटल्याचा भाव. मॅडम त्याला बसवतात.

‘‘दादा, आत्ता दुखत नाहीये म्हणून सरळ आलीये. ओझं उचलताना भरून येतं, थांबल्यावर जातं, हे हृदयाचंच लक्षण असू शकतं. उद्या सकाळी फिजिशियन असतात. ओपीडीला या. शुगर, प्रेशर, रक्त, सगळं बघू. तोवर क्रेट उचलायचे नाहीत. तंबाखू आजपासून बंद.’’

‘‘उद्या बाजार हाय मॅडम. परवा आलो तर?’’

‘‘बाजार नको. उद्याच. आणि रात्रीत बसल्या जागी दुखलं, दहा-पंधरा मिनिटांत थांबलं नाही, तर उद्याचीही वाट बघायची नाही. ओवा नाही, सोडा नाही, गाडी स्वतः चालवायची नाही. १०८ लावायचा आणि इथं यायचं. गावात सगळ्यांना हेच सांगायचं. इथं दार रात्रभर उघडं असतं.’’